घर हलवायचा अर्ज नसतो

गोव्यातली गोष्ट. आजोबांचं घर डिचोली तालुक्यात, आमची मोकळी जागा फोंड्याकडे. वाटणीत जमीन चुलत्यांकडे गेली, घराचं लाकूड आणि कौलं आमच्या वाट्याला आली. पंचायतीच्या खिडकीवर जाऊन मी सरळ सांगितलं, "घर हलवायचंय." सचिवबाईंनी अर्ज उलटून पाहिला. "मोडायचं की बांधायचं?"

तिथेच उमगलं. कागदावर एका गावात घर मोडतं आणि दुसऱ्या गावात नवं उभं राहतं. मधे ट्रकात असतं तेव्हा ते कुणाच्याच वहीत नसतं. म्हणून दोन पंचायती, दोन अर्ज. पण दोन्हींना नकाशांचा संच एकच जोडा.

त्याआधी घरची माणसं. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर आजोबाच असतील तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालीय का बघा. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक, त्यामुळे वारसांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. आमची एक वहिनी मस्कतला. तिचं मुखत्यारपत्र यायला चार महिने गेले. आवारात मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा, असेल तर १९७५च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याच्या ओसरीवर जाऊन आधी चहा प्या, कागद नंतर काढा.

नव्या जागेला बिगरशेती वापराची सनद लागते, मग नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, मग १९९४च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली बांधकाम परवाना. पंचायतीने ३० दिवसांत काहीच कळवलं नाही तर उपसंचालकाकडे अपील करता येतं. आम्हाला करावं लागलं. जागा नदीकाठी असेल तर किनारी नियमन प्राधिकरणाचंही बघा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही, त्यापुढच्या २०० मीटरला वेगळी परवानगी. जुन्या गोव्याच्या बाजूला जागा घेणाऱ्यांनी हे आधी मोजावं. आणि तुमचं घर पणजीतल्या फोंताइन्याससारख्या दाट जुन्या वस्तीत असेल तर ते हलवायच्या भानगडीत पडूच नका, असं माझं स्पष्ट मत. तिथे भिंतीला भिंत लागलेली असते. एक घर काढलं की शेजाऱ्याची भिंत उघडी पडते.

ग्रामसभेला जा, नाही तर तुमच्यामागे तिथे काय काय बोललं जाईल देव जाणे. आमच्याकडे आवई उठली होती की घर मोडून बिल्डरला देणार. मी वही नेली होती. मेस्ताने, म्हणजे सुताराने, प्रत्येक खांब, तुळई, वासा यांना क्रमांक दिलेले, तेही कुसाच्या, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकाच्या, आतल्या बाजूला, म्हणजे जोड बसला की दिसत नाही. 'रा-७' म्हणजे राजांगणाचा, घराच्या मधल्या चौकाचा, सातवा खांब. शेजारी त्याचा फोटो आणि माप. वही हातोहात फिरली. एका पंचाने त्यातला देवघराचा दरवाजा ओळखला. लहानपणी त्यावर त्याचं डोकं आपटलं होतं. मी कुर्डीच्या महादेवाच्या देवळाचा दाखला दिला: साळावली धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभं केलेलं. मागून एक आजोबा म्हणाले, "मंगेश कुठ्ठाळीसून प्रियोळा आयलो, तुमच्या घराचें कितें व्हड!" देव मंगेशच गाव बदलून आला, तर तुमच्या घराचं काय मोठं! सभा हसली, आणि विरोध तिथेच विरला.

काय हलतं तेही अर्जात खरं लिहा. मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंती सोडवताना आमचे निम्मे चिरे फुटले. लाकूड, दरवाजे, मंगळुरी कौलं, शिंपल्यांच्या खिडक्या तेवढ्या नीट आल्या. भिंती नव्या चिऱ्यांच्या असतील असं पहिल्या पानावर लिहिलं, म्हणून पाहणीला आलेल्या माणसाला आक्षेप घ्यायला जागा राहिली नाही.

वाहतुकीआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात लाकडाची यादी घेऊन जा आणि पास लागतो का विचारा. माट्टी-किंदळ या जंगली झाडांचे जुने वासे भरलेला ट्रक नाक्यावर सहज सुटत नाही. मोडणी दिवाळीनंतर लगेच, छप्पर मेच्या आत. आमचं जूनवर गेलं. ताडपत्रीखाली दोन तुळया काळ्या पडल्या.

शेवटी जुन्या पंचायतीत जाऊन घर क्रमांक रद्द करून घ्या. आम्ही विसरलो, आणि दोन वर्षं नसलेल्या घराची घरपट्टी भरली.