प्रेअरी क्रीकला तंबू ठोकायला निघालात? आधी या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कॅलिफोर्नियाच्या बे एरियातली आपली मंडळी उत्तरेला, रेडवुड वृक्षांच्या किनाऱ्याकडे निघतात. ऑरिक गावाजवळचं प्रेअरी क्रीक रेडवुड्स स्टेट पार्क हे तिथलं माझं सगळ्यात लाडकं ठिकाण. एकीकडे नव्वद मीटरच्या वर गेलेली झाडं, दुसरीकडे पॅसिफिक आणि मधल्या कुरणात एल्क या मोठ्या हरणांचे कळप. पण सॅन फ्रान्सिस्कोहून तीनशे मैलांहून जास्त गाडी हाकून पोचलेली कुटुंबं दुसऱ्याच दिवशी कुडकुडत परत निघालेली मी पाहिली आहेत. जागेत काही खोट नसते, तयारी चुकीची झालेली असते.

जुलै म्हणजे उन्हाळा, हे इथे विसरा

सॅन होजेत पस्तीस अंश असतात तेव्हा या पार्कातल्या गोल्ड ब्लफ्स बीचवर दुपारीसुद्धा पंधराच्या आसपास असू शकतं. समुद्राचं पाणी बारमाही थंड आणि त्यावरून येणारं धुकं दिवसचे दिवस हटत नाही. म्हणून सुती कपडे नकोत. एकदा दमट झाले की ते वाळतच नाहीत. लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे एकावर एक घालता येतील असे घ्या, मुलांसाठी कानटोप्या घ्या आणि झोपायचे मोजे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

सकाळी तंबूच्या आत पाणी टपकलं की लोकांना वाटतं तंबू गळतोय. बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासाची वाफ असते. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की ती आतल्या कापडावर साचते. वरच्या जाळ्या उघड्या ठेवा, बाहेरचं आच्छादन ताणून बांधा म्हणजे ते आतल्या कापडाला टेकणार नाही आणि ओले टॉवेल आत वाळत घालू नका. बीचवरच्या साइटला वारा जबर असतो, वाळूत मेखा धरत नाहीत. अशा वेळी कापडी पिशवीत वाळू भरून तिला तंबूची दोरी बांधा आणि ती पिशवी हातभर खोल पुरा. आमचा तंबू एका रात्री याच उपायाने तगला.

सरपण घरून नेऊ नका. लाकडातून किडी आणि झाडांचे रोग जंगलात शिरतात. तिथेच जवळपास विकत घ्या आणि काड्या-ढलप्या गाडीत कोरड्या ठेवा.

आयत्या वेळी जागा मिळेल, ही आशा

मिळत नाही. गोल्ड ब्लफ्सला फक्त २६ साइट आहेत, कुरणाजवळच्या एल्क प्रेअरीला ७५. आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बघता बघता संपतात. बीचकडे जाणारा डेव्हिसन रोड कच्चा आणि अरुंद आहे. मागे ट्रेलर जोडून किंवा २४ फुटांहून लांब गाडी घेऊन तिथे जाता येत नाही, हे आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेण्याआधी बघा. फर्न कॅन्यन, म्हणजे दोन्ही भिंती नेच्यांनी मढलेली ती घळ, बघायला १५ मे ते १५ सप्टेंबरपर्यंत गाडी नेण्याचा परवाना आधी काढावा लागतो. नाही मिळाला तर व्हिजिटर सेंटरपासून जेम्स अर्विन ट्रेलने चालत जा. एका बाजूने साडेचार-पाच मैल पडतात, पण ती वाट घळीपेक्षाही सुंदर आहे असं माझं प्रामाणिक मत. घळीत घोट्याएवढं पाणी असतं, तेव्हा भिजले तरी चालतील असे बूट घाला.

पेट्रोल वाटेतल्या आर्केटा किंवा ट्रिनिडॅड गावात भरून घ्या. फोनला रेंज नसते, नकाशे घरीच डाउनलोड करा.

सगळ्यात मोठी चूक: सांडलेला चिवडा

अस्वलांचं सगळ्यांना माहीत असतं. साइटवर लोखंडी फूड लॉकर असतो, त्यात डबे आणि कूलर ठेवायचे हेही लोक पाळतात. राहतं ते बाकीचं. टूथपेस्ट, साबण, केसांचं तेल, मिसळणाचा डबा, बाळाची दुधाची बाटली, मुलांच्या खिशातल्या गोळ्या. वास येणारी प्रत्येक वस्तू लॉकरमध्ये जायला हवी. गाडीत ठेवून भागत नाही, तंबूत तर मुळीच नको.

पण मला खरी कळकळ आहे ती एका छोट्या पक्ष्याची. मार्बल्ड मरलेट. मैनेएवढा, जरा गुबगुबीत. पोट भरतो समुद्रावर आणि अंडं घालतो जुन्या रेडवुडच्या उंच, शेवाळलेल्या फांदीवर. अंडं एकच. हा पक्षी घरटं कुठे करतो हे शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं उमगत नव्हतं. १९७४ साली कॅलिफोर्नियातल्याच बिग बेसिन पार्कमध्ये झाडावर चढलेल्या एका कामगाराला ते सापडलं. १९९२ पासून हा पक्षी या किनाऱ्यावर संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे.

याच्या अंड्यावर टपलेले असतात डोमकावळे आणि स्टेलर जे, म्हणजे डोक्यावर काळा तुरा असलेला तो देखणा निळा पक्षी. माणसं जिथे खातात तिथे हे जमतात. आपलं उष्टं खाऊन त्यांची संख्या वाढते आणि मग तेच वर फांद्यांवर अंडी शोधत फिरतात. आमच्या टेबलावर मुलाच्या हातून मूठभर चिवडा सांडला होता. मी ताटल्या आवरून वळेपर्यंत पाच जे खाली उतरले होते. एकाने शेंगदाणा उचलला, झाडाच्या बुंध्याशी खोचला आणि परत आला. मुलं टाळ्या वाजवत होती. मला मात्र वर बघवेना.

म्हणून जेवण झालं की टेबलाखाली गुडघे टेकून कण वेचायचे. भाताची शितं, शेव, कुरमुरे, सगळं. खरकटं पाणी झाडीत फेकायचं नाही, गाळून सिंकमध्ये ओतायचं आणि चोथा कचऱ्यात टाकायचा. चिवडा-फरसाण न्यायचाच असेल तर वाटीत वाढून द्या, मुलांच्या हातात पुडा देऊ नका. आमच्या मुलांना आता हे कामच नेमून दिलंय, एक शित राहिलं तरी ती एकमेकांना हाक मारतात.

एल्क गायीगत दिसतात, गायी नव्हेत

रूझवेल्ट एल्कचा मोठा नर चारशे किलोंच्या पुढे जातो. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत नर माजावर असतात, मे-जूनमध्ये माद्यांजवळ पाडसं असतात. दोन्ही वेळी ते धावून येऊ शकतात. निदान ७५ फूट लांब राहा. कळपाच्या आणि पाडसाच्या मध्ये कधीच येऊ नका. वाटेवरच कळप बसला असेल तर थांबा, नाहीतर लांबून वळसा घाला. कान मागे पाडून एखादा एल्क तुमच्याकडे रोखून बघायला लागला तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका.

समुद्राकडे पाठ

हा जुहू किंवा कळंगुट नव्हे. इथे शांत वाटणाऱ्या पाण्यातून अचानक एक लाट बरीच आत येते आणि माणसाला ओढून नेते. पाणी इतकं थंड की पोहणारासुद्धा काही मिनिटांत हातपाय हलवायची ताकद गमावतो. मुलांना ओल्या वाळूवर एकटं सोडू नका, पाण्याजवळच्या ओंडक्यांवर चढू देऊ नका. १९६४ मध्ये अलास्कातल्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने जवळच्या क्रेसेंट सिटीत ११ जणांचा जीव घेतला होता. जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता उंचावर पळायचं. ती वर जायची वाट दिवसाउजेडी बघून ठेवा.

आणि हायपेरियनच्या मागे लागू नका. सुमारे ११६ मीटरचं ते जगातलं सगळ्यात उंच झाड शेजारच्या नॅशनल पार्कात आहे. लोकांनी वाट सोडून तुडवल्यामुळे मुळांजवळची जमीन इतकी खराब झाली की २०२२ पासून तिथे जायला बंदी आहे. दंड ५००० डॉलरपर्यंत होतो.

त्यापेक्षा पहाटे, सूर्य उगवायच्या तासभर आधी, एल्क प्रेअरीच्या साइटवर स्वेटर घालून बाहेर बसा. दिवा लावू नका, बोलू नका. उन्हाळ्यात नशीब असेल तर धुक्याच्या वरून, समुद्राकडून आत येणारी एक बारीक ‘कीर, कीर’ ऐकू येते. पक्षी दिसत नाही. पण तो मरलेट असतो, आणि वर कुठल्यातरी फांदीवर त्याचं पिल्लू असेल तर चोचीत मासा असतो.