खडकीची लढाई घरच्या टेबलावर कशी लढायची

लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेल तर या छंदातलं अर्धं काम तुम्हाला येतंच. माती, पोत्याचं कापड, वर पेरलेलं अळीव, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, आणि मग कुठला मावळा कुठे ठेवायचा यावरून भावंडांशी भांडण. वॉरगेम म्हणजे तेच, फक्त मावळे आता हलणार, समोर दुसरी फौज असणार, आणि कोण कुठे जाऊ शकतं हे ठरवायला नियम आणि फासे असणार. आम्ही पाच-सहा मित्र काही वर्षं हे करतोय आणि आता दरवर्षी नोव्हेंबरात खडकीची लढाई मांडतो. कशी मांडतो ते सगळं इथे सांगतो, कारण सुरुवात करणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात.

ते ठिकाण म्हणजे लढाई निवडणं. आम्ही आधी पानिपत घेतलं होतं. १७६१ चं पानिपत, दोन्हीकडून प्रचंड फौजा, रात्री एक वाजेपर्यंत बसलो तरी दुसरी चाल पूर्ण झाली नाही, कारण टेबलावर मावेल आणि एका दिवसात संपेल अशी ती लढाईच नाहीये. खडकी मात्र अगदी बेताची आहे. ५ नोव्हेंबर १८१७, दुपारी चारच्या आसपास तोंड लागलं आणि अंधार पडला तेव्हा संपलं. मैदान छोटं, आपल्याला ओळखीचं, आणि आत घडलेल्या गोष्टी इतक्या की प्रत्येक खेळाडूला काहीतरी करायला मिळतं.

प्रसंग थोडक्यात असा. पेशवा दुसरा बाजीराव आणि पुण्यातला रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन यांचं फाटलं होतं. एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीला कर्नल बरच्या तुकडीत गेला आणि मागे रेसिडेन्सी जाळली गेली. इंग्रजांकडे साधारण २,८०० माणसं, त्यातले बहुतेक आपलेच देशी शिपाई. समोर पेशव्यांचे सेनापती बापू गोखले, त्यांच्याकडे साधारण १८,००० घोडदळ, ८,००० पायदळ आणि १४ तोफा. आकडे बघून वाटतं की हा खेळ एकतर्फी होणार, पण तो तसा होत नाही, का ते पुढे येईलच.

टेबल मांडायच्या आधी एकदा जागा फिरून या. सकाळी चतुःशृंगीच्या मागच्या टेकडीवर चढा, खाली विद्यापीठाचा परिसर म्हणजे गणेशखिंड, पलीकडे खडकी, त्यापलीकडे मुळा नदी आणि दापोडी. इमारती डोळ्यांनी पुसून टाकायच्या आणि फक्त उंचसखल बघायचं. मग दुसऱ्या दिवशी पर्वतीवर जा, बाजीराव तिथून लढाई बघत होता, आणि तिथे उभं राहिलं की कळतं की इतक्या लांबून त्याला धूळ आणि धूर सोडून फारसं काही दिसलं नसणार. हे लक्षात ठेवा, खेळात कामाला येतं. खडकीत लष्करी भाग बराच आहे, तिथे फोटोबिटो काढत फिरू नका, गरजही नाही.

टेबल सहा फूट बाय चार फूट. डायनिंग टेबलावर प्लायवूडची फळी टाकली तरी चालतं, गणपतीच्या डेकोरेशनसाठी आणलेली फळी माळ्यावर पडलेली असतेच. एक इंच म्हणजे ५० यार्ड धरा. एका लांब कडेला मुळा आणि खडकी, समोरच्या लांब कडेला गणेशखिंड, आणि खडकीकडून गणेशखिंडीकडे तोंड केलं की उजव्या हाताचा कोपरा दापोडीचा. फळीवर फेव्हिकॉल लावून बारीक वाळू पसरा, वाळली की मातकट रंग, त्यावर रांगोळीच्या दुकानात मिळणारा हिरवा भुसा. नोव्हेंबर आहे, पाऊस नुकताच संपलाय, तेव्हा गवत उंच आणि पिवळट हिरवं असतं, भडक हिरवं करू नका. टेकड्यांना फ्रिजच्या खोक्यातला फोम चालतो, झाडांना घासणीचा काथ्या. देखावा किती बारकाईने करता येतो हे बघायचं असेल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम एकदा बघून या, आमच्यातल्या एकाने तिथून आल्यावर अख्खी टेकडी उखडून परत केली.

सैनिकांवर पहिल्याच वेळी खूप खर्च करू नका. २८ मिलिमीटर उंचीचे सुंदर दिसतात पण घोडेस्वारांची एवढी गर्दी रंगवायला वर्ष जाईल. आम्ही १५ मिलिमीटर वापरतो, ओळखीत कोणाकडे थ्रीडी प्रिंटर असेल तर प्रश्नच मिटला, नाहीतर जाड कागदावर चित्रं छापून, कापून उभी केलेली फौजसुद्धा छान दिसते आणि खेळ तसाच होतो. सैनिक एकेक न हलवता पुठ्ठ्याच्या चौकोनावर तीन-चार चिकटवायचे, त्याला आम्ही बेस म्हणतो. एक बेस म्हणजे ३०० माणसं. म्हणजे इंग्रजांचे नऊ बेस, त्यातले काही युरोपियन रेजिमेंटचे आणि दोन दापोडीहून इंग्रजांना येऊन मिळणाऱ्या फोर्डच्या पलटणीचे. मराठ्यांची सगळी फौज टेबलावर आणायची नाही, ही चूक सगळे करतात. मुख्य हल्ला निवडक ६,००० स्वारांचा होता, म्हणजे वीस बेस, बाजूने घेरणाऱ्या स्वारांचे अजून दहा, पायदळाचे दहा आणि नऊ तोफांच्या मोर्चाचे तीन. शिवाय उंटांवरचे बाण, म्हणजे रॉकेट, त्याचा एक बेस नक्की करा, तो बघायला लोक वाकतात.

रंगवताना एक कळकळीची विनंती, सगळे मराठे एकसारखे भगवे करू नका. स्वारांना गणवेश नव्हता, कोणाचा अंगरखा पांढरा, कोणाचा विटका लाल, पागोटी वेगवेगळी, घोडेही तांबडे, काळे, पांढरे असे मिसळ. केळकर म्युझियममध्ये तासभर घालवलात तर ढाल, भाला, तलवार कशी दिसते ते डोळ्यात बसतं. आधी प्राइमर, मग साधे ॲक्रिलिक रंग, शेवटी काळपट तपकिरी रंग खूप पातळ करून सगळ्यावर फिरवायचा, तो खाचांत साचतो आणि चेहरे उठून दिसतात. जरीपटका मात्र मन लावून करा. मी आईच्या फाटलेल्या शालूच्या काठातून केलाय, खऱ्या जरीचा आहे आणि पूर्ण टेबलावर पहिल्यांदा नजर तिथेच जाते.

आता नियम. आमचे नियम एका पानावर मावतात आणि तेवढेच असावेत. एक चाल म्हणजे पंधरा मिनिटं, चार वाजल्यापासून साडेसहापर्यंत दहा चाली, कारण नोव्हेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पुढे कोणाला काही दिसत नाही. घोडदळ एका चालीत बारा इंच, पायदळ चार, ओढायला जनावरं जोडलेली तोफ तीन. बंदूक दोन इंचांपर्यंतच चालते, प्रत्येक बेसला एक फासा, पाच किंवा सहा पडलं तर लागली, दोनदा लागलं की बेस उचलायचा. तोफ सोळा इंचांपर्यंत, लांबून फक्त सहावर, पण सहा इंचांच्या आत छर्रे चालतात तिथे चार, पाच, सहा तिन्हीवर लागतं. घोडदळ अंगावर आलं की पायदळाने फासा टाकायचा, तीन किंवा जास्त पडलं तर पाय रोवून उभं राहिलं आणि दोन फासे टाकून गोळी घालायची, त्यातली एक जरी लागली तरी घोडदळ मागे फिरतं. कमी पडलं तर पलटण मोडली, बेस उचला. निशाण चार इंचांत असेल तर फाशात एक मिळवा, रांग विस्कटली असेल तर दोन वजा करा. संपलं. दारूगोळा मोजणं, थकवा, वारा असल्या गोष्टी पहिल्या खेळात आणू नका, लोक कंटाळतात आणि मुख्य गोष्ट बाजूला राहते.

मुख्य गोष्ट म्हणजे त्या दिवशी माणसांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं. माझ्या मते ऐतिहासिक लढाई पुन्हा लढण्यात खरी मजा इथेच आहे आणि खरी अडचणही. कारण प्रत्यक्षात असं झालं. गोखल्यांची फौज वेगाने पुढे आली आणि पायदळ मागे पडलं, फक्त पेशव्यांच्या चाकरीतल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याची, डी पिंटोची, पलटण जवळच्या वाटेने झाडाझुडपांआडून पुढे पोचली. इंग्रजांच्या सातव्या रेजिमेंटच्या शिपायांनी तिला मागे रेटलं आणि रेटता रेटता स्वतःच्या रांगेपासून तुटून पुढे गेले. गोखल्यांनी ते बरोबर हेरलं आणि निवडक स्वार त्यांच्यावर सोडले. आणि नेमका इंग्रजांच्या डाव्या बाजूसमोर चिखलाचा खोल पट्टा होता, तो भरधाव घोड्यांना अगदी जवळ गेल्यावर दिसला, पुढचे कोसळले, मागचे त्यांच्यावर आदळले, प्रत्यक्ष पलटणीपर्यंत जेमतेम काहीशे स्वार पोचले. आता पुण्यातल्या ज्याला इतिहासाची आवड आहे त्याला हा चिखल माहीत असतो, मग गोखले झालेला खेळाडू तिकडे जाईलच कशाला? तो वळसा घालतो आणि लढाईच बदलते.

त्यावर आम्ही काढलेला उपाय. टेबलावर सखल दिसणारे चार पट्टे करा, चारही सारखे, तेच गवत. खेळाआधी पंचाने चिठ्ठी उचलायची आणि कुठल्या पट्ट्यात चिखल आहे ते फक्त स्वतःकडे लिहून ठेवायचं. इतिहासातल्या खऱ्या जागेच्या दोन चिठ्ठ्या टाका, बाकी तिघांची एकेक. गोखल्यांना जागा तपासायची असेल तर स्वार पाठवता येतात पण दोन चाली जातात, म्हणजे अर्धा तास उजेड गेला. चिखलात शिरलेल्या प्रत्येक बेसने फासा टाकायचा, चारपर्यंत आलं तर तो चालभर अडकला आणि मागे दोन इंचांत असलेला बेससुद्धा थांबला. हे केल्यापासून गोखले होणारा माणूस खरोखर घाम पुसतो, कारण समोर तुटलेली पलटण दिसत असते, सूर्य उतरत असतो, आणि मधलं गवत भरवशाचं आहे की नाही ते कळत नसतं. दुसरीकडे सातव्या रेजिमेंटलाही नियम हवा, डी पिंटो मागे हटला की त्यांनी फासा टाकायचा, चारच्या खाली पडलं तर ते पाठलागावर जाणारच, कर्नल बर कितीही ओरडला तरी.

म्हणून पंच चांगला असावा, आणि तो खेळाडू नसावा. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झने असा खेळ दाखवला तेव्हापासून हीच पद्धत आहे, पंचाला सगळं माहीत, खेळाडूला जे दिसेल तेवढंच. आमच्याकडे ज्याचं वाचन सगळ्यात जास्त त्याला आम्ही पंच करतो, त्यामुळे वादही कमी होतात.

बाजीरावाला वेगळ्या खोलीत बसवा. खरंच. त्याने पर्वतीवरून गोखल्यांना निरोप पाठवला होता की पहिली तोफ आपल्याकडून सुटू देऊ नका, आणि गोखल्यांनी निरोप हातात पडायच्या आत तोफा सुरू केल्या. आमच्याकडे बाजीराव आतल्या खोलीत बसतो, पंच त्याला प्रत्येक चालीला एक ओळ सांगतो, तो चिठ्ठी लिहितो आणि ती एक चाल उशिरा पोचते. राखीव पायदळ पुढे सोडायचं की नाही हे फक्त त्याच्या हातात. पहिल्यांदा वाटलं कोणी तयार होणार नाही, आता त्या खुर्चीसाठी नंबर लागतात. मोबाइल मात्र त्याच्याकडून काढून घ्या, नाहीतर बाहेरून कोणीतरी फोटो पाठवतो.

इंग्रजांकडे दोन माणसं पुरतात, एक बर आणि एक फोर्ड. फोर्डची पलटण पेशव्यांच्या पगारावरची पण अधिकारी इंग्रज, ती दापोडीच्या कोपऱ्यातून येते आणि मुख्य रांगेला जाऊन मिळायचं हे तिचं काम. तिला अडवायला मोर दीक्षितांचे स्वार द्या, ते त्या दिवशी तिथेच तोफेच्या माऱ्यात पडले. कोण कुठल्या बाजूला हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. "मी इंग्रज होणार नाही" असं कोणीतरी म्हणतंच, त्याला सांगा पुढच्या खेळात बाजू बदलायची आहे.

जिंकलं कोण हे कसं ठरवायचं? नुसतं मैदान कोणाकडे राहिलं हे बघू नका, तसं केलं तर एकच निकाल येत राहील. त्या दिवशी इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून ८६ आणि मराठ्यांचे सुमारे ५०० गेले. म्हणून इंग्रजांना अंधार पडेपर्यंत एकही बेस न गमावता फोर्डला मुख्य रांगेत आणून मिळवायचं, तर इतिहासाइतकं जमलं. मराठ्यांनी दोन बेस मोडले किंवा फोर्डला वेगळं पाडलं तर ते गोखल्यांपेक्षा सरस ठरले. आमच्या सहा खेळांत मराठे दोनदा सरस ठरले, दोन्ही वेळेला पायदळ घोडदळाबरोबर ठेवल्यामुळे.

वेळ चार तास धरा, मधे चहा. खेळ संपला की टेबल लगेच आवरू नका, फौजा आहेत तिथे ठेवून प्रत्येकाने सांगायचं की अमुक चालीला मी असं का केलं, बाजीरावाने आपल्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या, आणि पंचाने चिखलाचा कागद उघडायचा. आमच्याकडे हे तासभर चालतं. मग बेसखाली लोखंडी वॉशर चिकटवलेले असतील तर सगळी फौज मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात चुंबकाची पट्टी टाकून उभीच्या उभी ठेवता येते, भाले मोडत नाहीत. फळी पुसून माळ्यावर टाकू नका मात्र, कारण १६ नोव्हेंबरला येरवड्याची लढाई आहे, नदी संगमाखालची मुळा-मुठा, फौजा त्याच, फक्त इंग्रजांच्या मदतीला आलेल्या जनरल स्मिथचे बेस नवीन रंगवावे लागतील आणि त्याला अकराच दिवस मिळतात.