छाटणीची कात्री घेताना काय बघायचं

द्राक्षबागेत वर्षातून दोनदा छाटणी येते. एप्रिलात नव्या काड्या फुटाव्यात म्हणून खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. त्या दिवसांत आमच्या निफाड भागात सकाळी हातात आलेली कात्री संध्याकाळीच सुटते. त्यामुळे कात्रीबद्दल माझी मतं पक्की आहेत, आणि ती गच्चीवरच्या चार गुलाबांनाही लागू पडतात.

आधी पाती बघा. दुकानात दोन प्रकार दिसतील. एकात धारेचं पातं खालच्या आकड्याला घासून पुढे जातं, कापड कापायच्या कात्रीसारखं. दुसऱ्यात ते सपाट पट्टीवर येऊन टेकतं. ओल्या, जिवंत फांदीला पहिलाच प्रकार घ्या. दुसऱ्याने काडी चेपते, चेपलेली साल वाळत जाते आणि तिथून रोगाला वाट मिळते. वाळकी काडी तोडायला तो चालतो. कापतानाही धारेची बाजू झाडावर राहणाऱ्या भागाकडे हवी, आकडा तुटून पडणाऱ्या तुकड्याकडे. उलटं धरलं तर आकड्याचा दाब नेमका राखायच्या काडीवर पडतो.

मग हात. कात्री पूर्ण उघडा आणि दांडीभोवती चारही बोटं नीट बसतात का ते बघा. बोटं ताणावी लागली तर तासाभरात मनगट बोलायला लागतं. पुरुषांच्या हाताच्या मापाची कात्री बायकांच्या हाती देऊन काम लवकर उरकत नाही, हे बागायतदारांनी समजून घ्यायला हवं. लहान मापाची मिळते, डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते, मागून घ्या. लॉक त्याच हाताच्या अंगठ्याने उघडलं-लागलं पाहिजे. घड विरळायला मात्र ही कात्री नकोच, त्याला निमुळत्या टोकाची बारीक कात्री वेगळी ठेवावी.

किमतीपेक्षा मी एक गोष्ट जास्त मानते, ती म्हणजे कात्री खोलता येते का. मधला सांधा रिव्हेटने ठोकलेला असेल तर ती परत ठेवा. नट-बोल्ट असेल तर पातं काढून धार लावता येते, ढिली झाली तर कसता येते. स्वित्झर्लंडची फेल्को कंपनी 1945 पासून कात्र्या बनवते आणि तिच्या कात्र्यांचं पातं, स्प्रिंग, बोल्ट सुटं मिळतं. महाग पडते, पण रोज छाटणी करणाऱ्याने घ्यावी. घरच्या बागेला साधी देशी कात्रीही पुरते, फक्त तिची जादा स्प्रिंग त्याच दिवशी मागून घ्या. मातीत सगळ्यात आधी तीच हरवते.

दुकानात बंद कात्री उजेडासमोर धरा. पात्यांमध्ये फट दिसली, किंवा दांड्या हलवल्यावर पातं बाजूला डुगडुगलं, तर नको. एक हिरवी काडी सोबत न्या आणि टोकाने कापून बघा. सालीचा दोरा लोंबत राहिला तर तीही नको.

साधारण दोन सेंटिमीटरच्या वर जाड फांदी आली की कात्री पिळत बसू नका, पाती फाकतात. त्याला घडीची करवत घ्या, ओढताना कापणारी. खुरपं मात्र दुकानातून आणू नका. लोहाराकडे जाऊन आपल्या मुठीच्या मापाने करून घ्या.

धार लावताना फक्त उतार असलेल्या बाजूने, मूळ उताराला धरूनच दगड फिरवायचा. सपाट बाजूवर आलेली कड एकदा हलकेच पुसून काढायची, बस्स. काम झालं की चीक पुसून, कोरडं करून तेलाचा थेंब सांध्यात सोडा. आणि डाळिंब असेल तर तेल्या रोगाचा जिवाणू कात्रीवरूनही एका झाडाचा दुसऱ्या झाडावर जातो. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा डबा सोबत ठेवून प्रत्येक झाडानंतर पाती त्यात बुडवा. या द्रावणाने लोखंड गंजतं, म्हणून संध्याकाळी कात्री साध्या पाण्याने धुऊन मगच तेल लावा.