पाण्याचा ताळेबंद : रब्बीच्या पेरणीआधी गावाने तो कसा मांडावा

पावसाळा सरताना विहिरी तुडुंब दिसतात, बंधाऱ्यांच्या सांडव्यावरून पाणी वाहत असते आणि यंदा पाण्याची ददात नाही, असे साऱ्या गावाला वाटू लागते. याच दिवसांत कांद्याची रोपे टाकली जातात आणि उसाच्या बेण्याची चौकशी सुरू होते. मार्चमध्ये टँकर का मागवावा लागला, याचे उत्तर बहुतेक वेळा ऑक्टोबरच्या या निर्णयांत दडलेले असते. त्यामुळे ताळेबंद, म्हणजे यंदा गावाला किती पाणी मिळाले आणि ते कशाकशाला पुरेल याचा हिशेब, बियाणे घरात येण्याआधी मांडावा. पेरणी झाल्यावर मांडलेल्या ताळेबंदाचा उपयोग फारसा उरत नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने जलसंधारणाची कामे तर केलीच, पण त्यांच्या जोडीला सिंचनासाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही आणि झालेला पाऊस पाहून पिके ठरवायची, असे नियमही पाळले. बंधारे पुष्कळ गावांनी बांधले. त्यांनी वाढवलेले पाणी कोणी आणि कशासाठी उपसायचे, हे मात्र फार थोड्या गावांनी ठरवले.

सुरुवात पावसाच्या नोंदीपासून करावी. महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राचे आकडे मिळतात, पण केंद्र काही किलोमीटरवर असले तर त्या पावसाचा आणि आपल्या शिवारातल्या पावसाचा मेळ बसेलच असे नाही. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या आवारात, झाड वा भिंत जेवढी उंच तिच्या किमान दुप्पट अंतरावर, साधे पर्जन्यमापक बसवावे आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १० हजार लीटर पाणी पडले, एवढे सूत्र लक्षात ठेवले की पुढचा हिशेब कोणालाही करता येतो.

खरे काम विहिरींचे आहे आणि तिथे घाई करू नये. शिवाराच्या माथ्यावरच्या, मधल्या, पायथ्याच्या आणि नाल्याकाठच्या अशा वीस-पंचवीस विहिरी निवडाव्यात. केवळ चांगल्या पाण्याच्या निवडल्या तर हिशेब फुगतो. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने खूण करावी आणि दर वेळी त्याच खुणेपासून मोजावे. मोटार आदल्या रात्रीपासून बंद हवी, कारण शेतीची वीज रात्रपाळीची असेल आणि पहाटेपर्यंत उपसा झाला असेल, तर दिसणारी पातळी खरी नसते. पोलादी टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधून खालच्या मीटरभर भागावर खडू घासावा आणि टेप सावकाश सोडावी. समजा खुणेवर टेपचा ९ मीटरचा आकडा धरला आणि वर काढल्यावर खालचा ३५ सेंटिमीटर खडू ओला होऊन गडद दिसला, तर पाणी खुणेपासून ८.६५ मीटरवर आहे. यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची खोली मिळते. जुनी माणसे परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात, खोली सांगतात, तीही ऐकून घ्यावी, पण वहीत मीटरच लिहावेत. सर्व विहिरी एकाच दिवशी मोजाव्यात. हीच मोजणी मे महिन्याच्या अखेरीस झालेली असेल, तर पावसाळ्यात पातळी किती वाढली ते कळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. जवळपास अशी विहीर असल्यास तिच्या नोंदीशी आपल्या नोंदी ताडून पाहाव्यात.

आता हिशेब. समजा, गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर असून डोंगरउतार वगळता ८०० हेक्टर उरते आणि पाऊस ५०० मिलिमीटर झाला आहे. या ८०० हेक्टरांवर ४० लाख घनमीटर, म्हणजे ४,००० टीसीएम पाणी पडले (१ टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). ते सारे आपले नसते. त्याचा मोठा भाग बाष्प होतो, काही खरिपाने घेतलेला असतो, काही नाल्याने निघून जातो. दख्खनच्या काळ्या पाषाणात फार थोडे मुरते. हे प्रमाण ८ टक्के धरले तर ३२० टीसीएम होतात. दुसरी रीत विहिरींवरून काढण्याची आहे. शंभर लीटर आकारमानाच्या मुरमाड, झिजलेल्या खडकातून साधारण दोन लीटर पाणी हाती लागते, असे धरून ८०० हेक्टर, सरासरी ३ मीटर वाढ आणि २ टक्के यांचा गुणाकार केला की ४८० टीसीएम येतात. दोन आकड्यांत एवढा फरक पाहून अनेकांचा ताळेबंदावरचा विश्वास उडतो. वास्तविक जमिनीखालचे पाणी याहून नेमके मोजणे गावाच्या आवाक्यात नाही, आणि कमी आकडा धरून चालले तर चूक झाली तरी ती गावाच्या बाजूने होते. तेव्हा ३२० धरावेत.

यातले सगळे विहिरीत येत नाही; बरेच पाणी नाल्याच्या झऱ्यांतून वाहून जाते. माझ्या मते ३० टक्के बाजूला ठेवावेत. उरले २२४. पाझर तलाव व बंधाऱ्यांतले पाणी यात मिळवताना कागदावरची क्षमता घेऊ नये, कारण गाळाने ती घटलेली असते. प्रत्यक्ष लांबी, रुंदी व सरासरी खोली मोजावी. ते ६० टीसीएम भरले असे समजू. एकूण २८४.

पहिली वजावट पिण्याच्या पाण्याची आणि ती कोणाच्याही आग्रहाखातर कमी करू नये. दोन हजार माणसांना माणशी रोज ५५ लीटर आणि हजार मोठ्या जनावरांना रोज ५० लीटर धरले, तर ऑक्टोबर ते जून या २७३ दिवसांत सुमारे ४४ टीसीएम लागतात. शेतीसाठी २४० उरले.

हा आकडा ग्रामसभेत नुसता वाचून दाखवू नये, पिकांत फोडून सांगावा. हरभऱ्याला हेक्टरी साधारण २.५ टीसीएम, कांद्याला ५.५ आणि उसाला २० लागतात असे धरले, तर २४० टीसीएममध्ये ९६ हेक्टर हरभरा, किंवा ४३ हेक्टर कांदा, किंवा अवघा १२ हेक्टर ऊस निघतो. फळ्यावर हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले की चर्चेचा सूर बदलतो, कारण बारा हेक्टर ऊस म्हणजे दहा-बारा घरांचे उत्पन्न आणि शहाण्णव हेक्टर हरभरा म्हणजे कितीतरी अधिक घरांचे. ठिबकने हेक्टरी गरज कमी होते, पण वाचलेल्या पाण्यावर तोच शेतकरी क्षेत्र वाढवणार असेल तर गावाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. ठिबक मान्य करताना क्षेत्रही लिहून घ्यावे. विहीर नसलेल्यांना त्या सभेत बोलू देणे आवश्यक आहे. पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर माणशी अर्धा एकर या प्रमाणात वाटले होते. आज ती रीत जशीच्या तशी आणणे कठीण आहे, तरी पाणी एकट्या विहीरमालकाचे नाही, हे त्यातले तत्त्व सभेपुढे ठेवलेच पाहिजे.

ठराव झाल्यावर पीकनिहाय क्षेत्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावे आणि त्याच विहिरी जानेवारीत पुन्हा मोजाव्यात. पातळी अपेक्षेपेक्षा अधिक उतरली असेल तर उन्हाळी भुईमूग, मका यांसारखी पिके त्याच वेळी थांबवावीत. मे अखेरची मोजणी वहीच्या शेवटच्या पानावर येते. अंदाजात धरलेले ८ टक्के आणि ३० टक्के आपल्या शिवाराला कितपत लागू पडले, ते तिथे ताडून पुढच्या वर्षासाठी दुरुस्त आकडे लिहून ठेवावेत.