सीडीने अडवलं, टॅबने सोडवलं

लालबागच्या घरी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवायची खिडकी, शिकायला बसलो. पीडब्ल्यूडी म्हणजे आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत, एलएस म्हणजे आत काय आहे, इथवर सुरळीत. मग सीडी, म्हणजे दुसऱ्या फोल्डरमध्ये जायची आज्ञा, वापरून 'सीडी गणपती फोटो' टाइप केलं, तर उत्तर आलं: 'टू मेनी आर्ग्युमेंट्स', म्हणजे आज्ञेपुढे जास्तच शब्द दिलेत. फोल्डर तर समोर दिसत होता! तासभर अडकलो.

शेवटी शेजारच्या दादाला बोलावलं. तो म्हणाला, "अरे, मधली स्पेस बघ. शेल म्हणजे आपल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. नाव अवतरणचिन्हांत घाल."

घातलं, आणि आत शिरलो.

खरी गंमत पुढे. दादाने फक्त 'सीडी गण' लिहून टॅब दाबायला लावला. शेलने उरलेलं नाव स्वतःच पुरं केलं आणि स्पेसच्या आधी एक बॅकस्लॅशही (\) ठेवला. म्हणजे ही स्पेस नावातलीच. तेव्हापासून मी लांब नावं हाताने लिहीतच नाही.

फाइल उडवणाऱ्या आरएमलाही स्पेसचा हाच नियम, आणि तिथे उडवलेलं कचरापेटीत जात नाही. म्हणून आरएमआधी तेच नाव एलएसला देऊन बघतो.