शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याच्या लघवीवर लक्ष ठेवण्याची सोपी रीत

मूत्राशयातील खडे काढल्यानंतर किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर कुत्र्याला लघवी नीट होते आहे की नाही, हे गवतावर किंवा मातीत कळतच नाही.

त्यासाठी टाके निघेपर्यंत त्याला दोरी लावूनच बाहेर न्यावे आणि लघवी सुरू झाली की लांब दांड्याची, फक्त याच कामासाठी ठेवलेली पळी बाजूने हळूच धारेखाली धरावी. सुरुवातीलाच पळी पुढे केली तर काही कुत्री बिचकून लघवी थांबवतात, म्हणून धार लागू द्यावी. धार सलग आहे की थेंब थेंब, रंग पिवळा आहे की लालसर, हे पाहून वेळेसह वहीत टिपावे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना या नोंदींचा फार उपयोग होतो. अंथरुणावर जुनी पांढरी चादर घालावी, म्हणजे झोपेत गळलेली लघवी आणि जखमेतील स्राव लगेच नजरेस पडतो. सुरुवातीची गुलाबी छटा दिवसागणिक फिकट व्हायला हवी. ती गडद होत गेली किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या, तर डॉक्टरांना कळवावे.

मात्र पुन्हा पुन्हा जोर लावूनही लघवी होत नसेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा, कारण मूत्रमार्ग तुंबणे कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.