ग्रो टेंटसाठी एलईडी दिवा कसा निवडावा

फ्लॅटच्या एखाद्या खोलीत किंवा बंदिस्त गॅलरीत ग्रो टेंट, म्हणजे आतून चंदेरी अस्तर असलेला रोपे वाढवण्याचा बंद तंबू, उभारून कोथिंबीर, पालक, लेट्यूस, मिरची किंवा भाजीपाल्याची रोपे वाढवणाऱ्यांची संख्या नाशिकमध्ये वाढत असली, तरी दिव्याची खरेदी बहुधा खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावरच होते. हा आकडा निवडीचा पाया म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. निवड पिकापासून सुरू करावी, नंतर टेंटचे क्षेत्रफळ पाहावे आणि वॅट सर्वांत शेवटी ठरवावेत.

घरातील बल्बवर लिहिलेले ल्युमेन हे माणसाच्या डोळ्यासाठीचे माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. वनस्पती मात्र प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर हा संपूर्ण पट्टा वापरतात आणि त्यातही निळा व लाल भाग हरितद्रव्य अधिक शोषते. म्हणून रोपांसाठी दर सेकंदाला एका चौरस मीटरवर या पट्ट्यातील प्रकाशाचे किती मायक्रोमोल (प्रकाशकणांची संख्या मोजण्याचे एकक) पडतात हे मोजतात आणि त्यास पीपीएफडी म्हणतात. उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी हा आकडा २,००० च्या घरात जातो, तर खिडकीपासून दोन-तीन मीटर आत तो अनेकदा ५० च्याही खाली असतो. नुकत्याच उगवलेल्या रोपांना १०० ते २००, पालेभाज्यांना २०० ते ३०० आणि मिरची किंवा चेरी टोमॅटोसारख्या फळपिकांना ४०० ते ६०० पीपीएफडी साधारणपणे पुरेसा होतो.

त्याबरोबर दिवा किती तास चालणार हेही धरावे लागते. पीपीएफडीला तासांनी आणि पुन्हा ०.००३६ ने गुणले की दिवसभरात मिळालेला एकूण प्रकाश मोलमध्ये (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) निघतो. २५० पीपीएफडीचा दिवा १४ तास चालवल्यास १२.६ मोल मिळतात, जे लेट्यूस किंवा कोथिंबिरीला चांगले मानवतात. ५०० पीपीएफडीवर तेवढ्याच तासांत २५.२ मोल होतात आणि मिरचीला त्याच पातळीची गरज असते. कमी ताकदीचा दिवा जास्त तास चालवून ही भरपाई करता येते, पण तिलाही मर्यादा आहे. दिवस फार मोठा झाल्यास पालक लवकर तुऱ्यावर येतो, आणि टोमॅटोला सलग चोवीस तास प्रकाश दिल्यास पाने पिवळी पडतात. त्यामुळे दिव्यासोबत साधा टायमर घ्यावाच.

आता वॅटचा हिशेब करू. ६० बाय ६० सेंटिमीटरच्या टेंटचे क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर भरते. तेथे मिरचीसाठी ५०० पीपीएफडी हवा असेल तर पानांच्या पातळीवर १८० मायक्रोमोल प्रतिसेकंद पोहोचले पाहिजेत. चंदेरी अस्तर असूनही सुमारे पाचवा हिस्सा वाया जातो असे धरल्यास दिव्यातून २२५ मायक्रोमोल निघावे लागतात. दिव्याची कार्यक्षमता, म्हणजे एका ज्यूल विजेतून मिळणारे मायक्रोमोल, २.५ असेल तर त्यासाठी ९० वॅट लागतात. हीच कार्यक्षमता १.५ असेल तर १५० वॅट लागतात. पालेभाजीचे गणित याच्या निम्मे येते, म्हणजे चांगल्या दिव्यातून ४५ वॅट. ही कार्यक्षमता माहितीपत्रकावर दिलेलीच नसेल, तर तो दिवा बाजूला ठेवलेला बरा. ‘१,००० वॅट’ असे ठळक लिहिलेल्या अनेक स्वस्त दिव्यांचा प्रत्यक्ष वीजवापर १०० वॅटच्या आसपास असतो, कारण तो मोठा आकडा डायोडच्या, म्हणजे दिव्यातील प्रकाश देणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या, कमाल क्षमतांची बेरीज किंवा जुन्या प्रकारच्या दिव्याशी केलेली तुलना असते. प्रत्यक्ष वापर किती, हे बारीक अक्षरात शोधावे.

परदेशी उत्पादकांच्या पत्रकांतील शिफारशी वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांतील बऱ्याच शिफारशी गांजाच्या फुलोऱ्यासाठी बेतलेल्या असतात आणि त्यात ८०० ते १,००० पीपीएफडी गृहीत धरलेला असतो. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ही लागवड परवान्याशिवाय गुन्हा आहे, हा मुद्दा वेगळा. पण मेथी-कोथिंबिरीसाठी ती शिफारस तशीच उचलल्यास तिप्पट-चौपट क्षमतेचा दिवा गळ्यात पडतो.

रंगाच्या बाबतीत जांभळट प्रकाशाचे जुने दिवे टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याखाली रोपे वाढतात, परंतु पानांवरील पिवळेपणा, करपा किंवा मावा डोळ्यांना दिसत नाही, आणि रोग वेळेत न दिसणे हे घरगुती लागवडीत महाग पडते. ३,००० ते ४,००० केल्व्हिनचे (केल्व्हिन हे पांढऱ्या प्रकाशाच्या छटेचे माप) पांढरे डायोड आणि जोडीला ६६० नॅनोमीटरचे लाल डायोड, ही रचना रोपावस्थेपासून फळधारणेपर्यंत पुरते. निळ्याचा वाटा जास्त असल्यास रोप बुटके व दणकट राहते. ७३० नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिलाल प्रकाशाने खोड लांबते, म्हणून केवळ पालेभाजी घेणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

एकाच ठिकाणी एकवटलेल्या तीव्र दिव्याखाली मधले रोप करपते आणि कोपऱ्यातील रोप उंच व लुळे होते. टेंटच्या आकाराशी जुळणारा पसरट बोर्ड किंवा पट्ट्यांचा दिवा घ्यावा आणि विक्रेत्याकडे मध्यभागापासून कोपऱ्यापर्यंतच्या पीपीएफडीचा नकाशा मागावा. मोजमापाचे महाग यंत्र नसले तरी पांढऱ्या एलईडीखाली लक्समीटरच्या, म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजेड मोजणाऱ्या साध्या यंत्राच्या, आकड्याला ७० ने भागल्यास पीपीएफडीचा अंदाज मिळतो. जांभळ्या दिव्याला मात्र हा हिशेब लागू होत नाही.

नाशिकच्या हवामानात उष्णतेचा विचार सोडून चालत नाही. दिवा कितीही कार्यक्षम असला, तरी त्याने ओढलेली जवळजवळ सगळी वीज अखेर टेंटमध्ये उष्णता होऊन राहते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जात असताना दुपारी दिवा चालवणे म्हणजे रोपे शिजवणे होय. संध्याकाळी सातपासून सकाळी नऊपर्यंतची वेळ टायमरवर लावावी. हिवाळ्यात निफाडकडून गारठा शहरात उतरतो तेव्हा रात्रीच्या याच उष्णतेचा रोपांना उपयोग होतो. ड्रायव्हर, म्हणजे डायोडांना योग्य वीज पुरवणारा डबा, बोर्डापासून सुटा होत असेल तर तो टेंटबाहेर बसवावा. त्यामुळे आतील उष्णता थोडी कमी होते, शिवाय तो बिघडल्यास सातपूर किंवा अंबडकडील एखादा जाणता कारागीर तेवढाच बदलून देऊ शकतो. पावसाळ्यात टेंटमधील दमट हवा बाहेर काढणारा पंखा आवश्यकच आहे. दिवाही आयपी६५ दर्जाचा (धूळ व पाण्यापासून संरक्षित) असावा, ड्रायव्हरवर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीची खूण असावी आणि प्लग अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच लावावा. वायरचा झोल सॉकेटच्या खाली लोंबता ठेवल्यास तीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

विजेच्या खर्चाचा अंदाज आधीच घ्यावा. ९० वॅटचा दिवा १४ तास चालल्यास दिवसाला १.२६ आणि महिन्याला सुमारे ३८ युनिट लागतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, त्यामुळे घराचा वापर १०० किंवा ३०० युनिटच्या सीमेवर असेल तर ही भर वरच्या टप्प्याच्या दराने पडते. त्यासाठी हिशेब सरासरी दराने न करता आपल्या बिलावरील शेवटच्या टप्प्याच्या दराने करावा. कमी कार्यक्षमतेचा स्वस्त दिवा या हिशेबात फार काळ स्वस्त राहत नाही.

डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय, असलेला दिवाच घ्यावा. पहिल्या आठवड्यात तो चाळीस टक्क्यांवर ठेवून शेंड्यांपासून ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीवर टांगावा आणि नंतर दर तीन-चार दिवसांनी प्रकाश थोडा वाढवावा. वरच्या पानांच्या कडा वर वळू लागल्या किंवा शेंडा पांढरट पडला तर प्रकाश कमी करावा. पेऱ्यांतील अंतर वाढून खोड बारीक होत असेल तर वाढवावा. दुकानातून दिवा आणण्यापूर्वी तो तिथेच पूर्ण क्षमतेवर लावून वॅटमीटरवर त्याचा प्रत्यक्ष वापर पाहावा आणि हमीच्या कागदावर ड्रायव्हरचा वेगळा उल्लेख करून घ्यावा, कारण अशा दिव्यांत डायोडांच्या आधी बहुधा ड्रायव्हरच निकामी होतो.